रेझा शाह म्हणजे इराणचा केमाल पाशा?

१९२५ ते १९४१ या काळात इराणवर राज्य करणाऱ्या रेझा शाहला, आधुनिक तुर्कस्तान घडवणाऱ्या केमाल पाशांच्या तोडीचा, म्हणजे इराणचा केमाल पाशा म्हणता येईल का, आणि एवढी कामं करूनही त्याला देश का सोडावा लागला, असं विचारलं आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुलना चुकीची नाही. १९३४ साली तो तुर्कस्तानात जाऊन केमाल पाशांना भेटला आणि परतल्यावर सुधारणांना वेग आला. पण माझ्या मते वाट १९२५ सालीच चुकली. १९२१ मध्ये इराणी सैन्यातली कोसॅक फौज घेऊन तेहरान ताब्यात घेणारा रेझा खान तोवर पंतप्रधान झाला होता. राज्य करणारं काजार घराणं हटवून रेझा खानला गादीवर बसवण्याची वाट मोकळी करणारा ठराव मजलिसमध्ये, म्हणजे इराणच्या संसदेत आला, तेव्हा खासदार मोहम्मद मोसद्देग विरोधात बोलले. त्यांचा मुद्दा असा: घटनेप्रमाणे शाह नामधारी असतो. तो तसाच राहिला, तर एक कर्तबगार पंतप्रधान आपण हकनाक गमावतो. आणि शाह होऊन कारभारही तोच हाकणार असेल, तर घटनेसाठी लोकांनी रक्त कशाला सांडलं? ठराव मंजूर झाला, आणि पुढे यातली दुसरी शक्यता खरी ठरली.

कामं मात्र अफाट झाली. न्यायमंत्री अली अकबर दावरने न्यायखातं नव्याने उभं केलं, दिवाणी संहिता आली, परदेशी नागरिकांना असलेली वेगळ्या न्यायाची सवलत १९२८ मध्ये रद्द झाली. १९३४ मध्ये तेहरान विद्यापीठ स्थापन झालं. आणि रेल्वे! कॅस्पियन समुद्रापासून आखातापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर, डोंगर पोखरत, १९२७ ते १९३८. परदेशी कर्ज न काढता, साखर आणि चहावरच्या करातून. अभिमान वाटावा असंच काम, पण चहाशिवाय ज्या देशाचं पान हलत नाही तिथे ही वसुली गरिबाच्या खिशातूनच झाली, हेही विसरू नये.

लोकांशी संवाद कधी झालाच नाही. १९३५ मध्ये मशहदच्या गोहरशाद मशिदीत, पाश्चात्त्य पेहरावाच्या सक्तीविरुद्ध जमलेल्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. पुढच्याच जानेवारीत बुरख्यावर बंदी आली, आणि पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. मुलींना शाळा-विद्यापीठाची दारं उघडणाऱ्या राजवटीनेच कित्येक बायकांना घरात कोंडून घ्यायला लावलं, याची मला फार खंत वाटते.

जवळची माणसंही सुटली नाहीत. दरबारमंत्री तैमूरताश १९३३ मध्ये तुरुंगात मेला. दावरने १९३७ मध्ये आत्महत्या केली. शाह स्वतः मात्र देशातला सर्वांत मोठा जमीनदार झाला.

ऑगस्ट १९४१ मध्ये, जर्मन तंत्रज्ञांचं निमित्त करून, ब्रिटन आणि रशिया दोन बाजूंनी घुसले. त्यांना रशियाला रसद पोचवायला तीच रेल्वे हवी होती. लाडाने वाढवलेली फौज काही दिवसांत कोसळली, आणि शाहसाठी रस्त्यावर कोणी उतरलं नाही. त्याला गादी सोडावी लागली. त्याला घेऊन निघालेलं जहाज मुंबईपाशी आलं, पण इंग्रजांनी त्याला उतरू न देता मॉरिशसला धाडलं. १९४४ मध्ये तो जोहान्सबर्गला वारला.

केमाल पाशांच्या मागे पक्ष होता. ते गेल्यावर त्यांचे सहकारी इनोनू सहज अध्यक्ष झाले. इथे रेझा शाहच्या एकवीस वर्षांच्या मुलाला गादी मिळवून देण्यासाठी परकीयांशी वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि त्या केल्या जुने पंतप्रधान फोरूघींनी. मशहदच्या प्रकरणानंतर त्याच शाहने त्यांना पंतप्रधानपदावरून घालवून घरी बसवलं होतं.