ओळखीच्या माणसाच्या रकान्यात कोणाचं नाव?

"मॅडम, तुम्ही समुपदेशक म्हणून एक पत्र देता का? आमचं नातं खरं आहे, एवढंच लिहा. व्हिसासाठी लागते."

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या खोलीत निखिलनं खुर्चीवर बसण्याआधीच फाइल उघडून टेबलावर ठेवली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर केलेलं प्रतिज्ञापत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, दोघांचे छापून आणलेले फोटो आणि एका एजंटनं टाइप करून दिलेलं निमंत्रणपत्र. वय 29, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी. कंपनीनं दोन वर्षं पोलंडला पाठवलं होतं, तिथे एका पोलिश मुलीशी ओळख झाली आणि वाढली. तो परत आल्यापासून दहा महिने सगळं व्हिडिओ कॉलवर. आता तिला नागपूरला यायचं होतं.

"तिचा व्हिसा होऊनच नाही राहिला," तो म्हणाला.

"अर्ज नाकारला का?"

"नाही. अर्ज अजून गेलाच नाही."

असे तरुण माझ्याकडे अधूनमधून येतात, मुलीही येतात. परदेशातल्या मैत्रिणीला किंवा मित्राला घरी बोलवायचं म्हणजे आपण हमी द्यायची, कागद जमवायचे, साहेबापुढे नातं सिद्ध करायचं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. आपल्या लोकांना युरोप-अमेरिकेचा व्हिसा काढताना जे सोसावं लागतं, त्यातून ही समजूत येते. भारतात यायचं तर पोलंडसारख्या बऱ्याच देशांच्या नागरिकांना ई-टुरिस्ट व्हिसा मिळतो. अर्ज तिनं स्वतः ऑनलाइन करायचा. पासपोर्टाची मुदत आल्या दिवसापासून निदान सहा महिने हवी, दोन पानं कोरी हवीत. पासपोर्टाचं माहितीचं पान आणि एक फोटो अपलोड करायचा, शुल्क कार्डानं भरायचं. 30 दिवसांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधीच्या 30 दिवसांतच घेतात, आणि निदान चार दिवस आधी तो करावाच लागतो. मंजुरी ईमेलवर येते. ती छापून जवळ ठेवायची, बोटांचे ठसे इथल्या विमानतळावर घेतात. मित्रांना-नातेवाइकांना भेटणं हा या व्हिसाचा मान्य हेतू आहे, म्हणून लपवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त हा व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळत नाही. प्रतिज्ञापत्र, पगाराची स्लिप, माझं पत्र, यातलं काहीच त्यात लागत नाही. एजंटकडे गेलेले पैसे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो. तशीच दिसणारी दुसरी बरीच आहेत आणि ती भरमसाट पैसे घेतात, हे त्याला कागदावर लिहून दिलं.

निखिलला एक प्रश्न मी सुरुवातीलाच विचारला होता. असं कोणीही आलं की तो विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. प्रत्यक्ष भेटलात का? निखिल दोन वर्षं भेटत होता, म्हणून पुढचं बोलणं झालं. पण याच खुर्चीवर बसून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. कधीच न भेटलेली मैत्रीण अचानक "मी दिल्लीला उतरले" म्हणते, मग "कस्टमनं अडवलं" म्हणून फोन येतो, दंड भरायला एका खात्याचा नंबर येतो. कस्टम खातं कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. व्हिसाचं शुल्कही अर्ज करणारी व्यक्ती स्वतः भरते, त्यासाठी तुमच्याकडून हजारो रुपये कशाला लागतील? असं झालं असेल तर लाज न बाळगता लगेच 1930 या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

तर निखिलच्या मैत्रिणीचा अर्ज. ती तो का भरत नव्हती? त्यानं मोबाइल पुढे केला. तिनं पाठवलेला स्क्रीनशॉट होता. वर तात्पुरता अर्ज क्रमांक, खाली तिची माहिती नीट भरलेली. आई-वडिलांची नावं, जन्मगाव, नोकरी. मग भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर, हे तीन रकाने. तिन्ही कोरे.

"तिनं विचारलं, इथे काय लिहू. मी म्हटलं हॉटेलचं नाव टाक."

"आणि राहणार कुठे होती?"

तो खाली पाहू लागला. तिला मे महिन्यात बोलवायचं ठरवलं होतं. मे महिन्यात, 45 अंशात, पोलंडच्या मुलीला! कारण तेव्हा आई-बाबा आठ-दहा दिवस चुलतभावाच्या लग्नाला यवतमाळला जाणार होते आणि त्रिमूर्तीनगरचं घर रिकामं राहणार होतं. ही योजना त्यानं तिलाही सांगितली होती. त्या कॉलनंतर ती फॉर्मविषयी बोललीच नव्हती. तीन आठवडे.

मी त्याला म्हटलं, तिला फॉर्म भरता येत नाही असं तुला वाटतंय का? ती पदवीधर आहे, नोकरी करते. तुझ्या घरात तिला कोणाच्या ओळखीवर पाय ठेवायचा आहे, हे ती विचारून राहिली आहे. तू उत्तर दिलं, हॉटेल.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती तेच म्हणाली होती, मॅडम. मला वाटलं चिडली."

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की ज्याच्याकडे तो उतरला त्यानं 24 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. तो हॉटेलांना लागू आहे, तसा घरांनाही. घर निखिलच्या बाबांच्या नावावर. म्हणजे लपवून तिला घरी ठेवायचं तर एकतर नियम मोडायचा, नाहीतर बाबांना न सांगता त्यांच्या घराची माहिती सरकारदरबारी द्यायची. अविवाहित जोडप्यानं हॉटेलात राहायला कायद्याची बंदी नाही, तो मार्ग खुला होता. पण राहायचं घरी आणि लिहायचं हॉटेल, हे मी कोणालाही सुचवणार नाही.

आई-बाबांना सांगायचं ठरलं. त्याला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत त्यानं तीन वेळा भेट रद्द केली, एकदा फक्त "आज आईचं डोकं दुखून राहिलं होतं, नाही बोललो" असा मेसेज केला. मी घाई केली नाही. तिला मात्र खरं सांग, एवढा आग्रह धरला. अजून बोललो नाही, भीती वाटते, असंच सांग. तारखा देऊ नको.

मग एका शनिवारी आई-बाबा दोघंही आले. आईनं बसल्याबसल्या पदर डोळ्याला लावला. "आता तुम्हीच सांगा मॅडम, लोकायले काय सांगू? पाहुणी म्हणून येईन आन् इथंच लग्न लावून मोकळे होईन." ही भीती मी बऱ्याच आयांकडून ऐकते, आणि तिला सरळ उत्तर आहे. वेगळ्या धर्माच्या जोडप्यांचं नोंदणी लग्न ज्या कायद्यानं होतं, तो विशेष विवाह कायदा 1954 चा. त्यात लग्नाआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. 30 दिवसांच्या व्हिसावर आलेल्या मुलीचं गुपचूप, घाईत नोंदणी लग्न बसतच नाही. हे ऐकून आईचा श्वास थोडा खाली बसला. दुःख गेलं नाही. एकुलत्या एक मुलाचं लग्न आपल्या मनासारखं व्हावं हे तिनं वीस वर्षं मनात धरलेलं. ते कायद्याच्या कलमानं कसं जाईल?

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. पाऊण तास ते बोलले नाहीत. मी फॉर्मचा विषय काढला तेव्हा पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं.

"माझ्या घरावर सरकारचा फॉर्म भरणार होतास, आन् मले विचारलं नाही. काऊन?"

निखिल म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"म्हटलं असतं नाही. पण मग तुले माहीत तर असतं ना, मी काय म्हटलं ते."

त्या दिवशी मी फार काही केलं नाही. बाप-लेकाला बोलू दिलं. मुलीपेक्षा त्या न विचारण्यानं बाबांना जास्त लागलं होतं, हे निखिलला तिथेच कळलं. आईची वेळ मी वेगळी ठरवली.

मे बारगळला. ती डिसेंबरात आली, सोळा दिवसांसाठी, मुंबईमार्गे. पहिल्या चार रात्री वर्धा रोडवरच्या हॉटेलात, कारण आई तेवढं एकच म्हणाली, "मले थोडा वेळ द्या." पाचव्या दिवशी घरी. सी फॉर्म बाबांनी स्वतः भरला, चष्मा नाकावर ओढून, मुलाला शेजारी बसवून. आडनावातली पोलिश अक्षरं एकेक करून पासपोर्टाशी ताडून पाहिली.

आणि ते तीन कोरे रकाने? नोव्हेंबरात तिनं नवीन अर्ज उघडला, तेव्हा निखिलनं आधी बाबांना विचारलं होतं. स्क्रीनशॉट त्यानं मलाही दाखवला. ओळखीच्या माणसाच्या जागी बाबांचं पूर्ण नाव, खाली त्रिमूर्तीनगरचा पत्ता. फोन नंबर मात्र आईचा होता. बाबांचा फोन नेहमी सायलेंटवर असतो, म्हणून आईनंच सांगितलं होतं, माझा द्या.

आई अजून येते माझ्याकडे, दर दुसऱ्या बुधवारी.