‘बॉक्सर’ म्हणजे नेमकं काय? खेळाडू, कुत्रा, चड्डी की इंजिन?

चारही बरोबर आहेत. मूळ अर्थ मुष्टियोद्धा, म्हणजे आपली मेरी कोम. रिंगणात घालतात तसली इलॅस्टिकची सैल चड्डी, म्हणून ती बॉक्सर. कुत्र्याची जात जर्मनीची. चपटं तोंड, रुंद छाती आणि लहान मुलांत रमणारा स्वभाव.

इंजिनाचं मात्र नीट समजून घ्या. यात सिलिंडर उभे नसून दोन बाजूंना आडवे असतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, जणू दोन खेळाडू ग्लोव्ह्जवर ग्लोव्ह्ज आपटतायत. त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि थरथर कमी होते. बीएमडब्ल्यूने 1923 मध्ये आर 32 या मोटारसायकलला हेच इंजिन बसवलं. सुबारूच्या बहुतेक मोटारींमध्ये आणि पोर्शे 911 या स्पोर्ट्स कारमध्येही हीच रचना आहे. आपल्या बजाजच्या ‘बॉक्सर’ मोटारसायकलमध्ये मात्र नाही! ते फक्त गाडीचं नाव. इंजिन साधं, एका सिलिंडरचं. आफ्रिकेत ती गाडी आजही भाडं मारते.

आणखी एक अर्थ इतिहासातला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1900 च्या सुमारास चीनमध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या यीहेत्वान संघटनेचे लोक मुठींच्या युद्धकलेचा सराव करत, म्हणून इंग्रजीत त्यांना बॉक्सर म्हटलं गेलं. तो उठाव मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगवर चालून गेल्या. त्यातल्या ब्रिटिश फौजेत शीख आणि राजपूत पलटणी होत्या, हे आपल्याकडे फारसं शिकवलंच जात नाही.