वाचकांचे प्रश्न : घरट्यावरचे आणि पाण्याखालचे कॅमेरे

प्रश्न : ब्रिटनमधल्या ऑस्प्रेच्या (मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या) घरट्याचं थेट चित्रण रोज रात्री साडेनऊला लावतो. मादी नुसती बसून असते. नर मासा आणताना कधी दिसेल? (सोलापूर)

उत्तर : तुमचे साडेनऊ म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात. त्यानंतर आपण साडेचार तास पुढे असतो. मेच्या मध्यावर तिथे पाचच्या सुमारास उजाडतं आणि नर लगेच शिकारीला निघतो. म्हणून आपल्याकडे सकाळी साडेनऊ ते बारा बघा. वेळ चुकली तर यूट्यूबवरची खालची पट्टी मागे ओढा. बरेचदा बारा तासांपर्यंत मागे जाता येतं. वेग दुप्पट करा आणि मादी ओरडायला लागली की थांबा. नर दिसताच ती खाणं मागते. मासा बहुधा बिनडोक्याचा असतो, कारण डोकं त्याने आधीच खाल्लेलं असतं. मादी तो घेऊन जवळच्या फांदीवर जाते आणि तेवढा वेळ नर अंड्यांवर बसतो. हा पालट बघण्यासारखा असतो.

इंग्लंडमधल्या रटलंड आणि वेल्समधल्या डवी इथल्या घरट्यांत एप्रिलमध्ये बहुधा तीन अंडी असतात. पहिलं उबायला साधारण ३७ दिवस लागतात, त्यामुळे खरी धांदल मेअखेरीनंतर. भिगवणला हिवाळ्यात दिसते ती हीच जात; ब्रिटनमधले मात्र हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात.

प्रश्न : रात्री पडद्यावर पांढऱ्या रेघा हलतात. कॅमेरा बिघडलाय का? (नाशिक)

उत्तर : नाही. भिंगासमोर कोळ्याचा धागा असतो. रात्रीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याचा उजेड त्यावर पडून तो जाड, पांढरा दिसतो.

प्रश्न : नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या ‘फिश डोअरबेल’वर (मासा दिसला की बटण दाबून कळवायच्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यावर) तासभर हिरवं पाणीच दिसलं. बटण दाबायचं कधी? (ठाणे)

उत्तर : मासा स्पष्ट दिसला तरच. बटण दाबलं की त्या क्षणाचा फोटो तिथल्या लोकांकडे जातो. पुरेसे मासे जमले की वेर्डस्लाउस हे जलद्वार उघडतात. वसंतात बोटी कमी, म्हणून दार क्वचितच उघडतं. अंडी घालायला वर निघालेले मासे तिथे अडकतात आणि पाणकावळ्यांना आयते सापडतात. त्यासाठी २०२१पासून ही सोय आहे. मार्चच्या सुरुवातीला पाणी थंड असल्याने मासे कमी, एप्रिलमध्ये बघा. मासे जास्त दिसतात ते तिथल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास; सूर्योदयाला आपले साधारण दहा आणि सूर्यास्ताला मध्यरात्र. पाऊस झाला की गढूळपणा वाढतो, अशा दिवशी कडेने सरकणारी सावली शोधा.

प्रश्न : ऑस्प्रेचं तिसरं पिल्लू उपाशी राहतं. कोणी मदत का करत नाही? (कोल्हापूर)

उत्तर : बघवत नाही, हे खरं. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, आणि अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने पडतात. त्यामुळे धाकटं काही दिवसांनी मागे असतं. मासे मुबलक असले की थोरली पोटभर खाऊन पडतात आणि त्यालाही मिळतं. वादळी पावसात नराला पाण्यातलं दिसत नाही. तेव्हा थोरली त्याला टोचून मागे सारतात. माणूस वर चढला तर मादी उडते, उघडी पडलेली लहान पिल्लं गारठतात, म्हणजे एकासाठी तिघांचा जीव धोक्यात. शिवाय ब्रिटनमध्ये परवान्याशिवाय घरट्याला त्रास देणं गुन्हा आहे. एकाच भरवण्यावरून निष्कर्ष काढू नका. दिवसभरातली तीन-चार भरवणी बघा आणि धाकट्याच्या गळ्याखालची पिशवी फुगली आहे का तपासा. फुगली असेल तर त्याला खायला मिळालंय.