आधी बघा, डोमेन कुणाच्या नावावर आहे

ताई, तुमची पोस्ट वाचताना तिसऱ्या ओळीलाच थांबलो. "डोमेन वेबसाईट करणाऱ्या मुलाच्या अकाउंटमध्ये आहे, पैसे मिस्टरांच्या कार्डवरून गेले, पावती म्हणजे एक ईमेल." आणि प्रश्न काय, तर कोकम आगळाच्या धंद्यासाठी जुन्या मालकाकडून ६५,००० ला घेतलेलं डॉट कॉम डोमेन, म्हणजे साईटचं नाव, यंदाच्या खर्चात टाकता येईल का. खर्च की मालमत्ता ते सांगतोच, पण माझं डोकं त्या तिसऱ्या ओळीत अडकलंय. कारण आम्ही तिथेच बुडालो.

मी सीए नाही. सोलापुरात टॉवेलचा धंदा आहे. खाली आलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू आहे आणि त्यात नंबर बदललेत, तेव्हा तुमच्या सीएंना दाखवूनच पुढे जा.

पहिला प्रश्न: रिटर्न ४४एडी (लहान धंद्यांसाठी अंदाजे नफा धरायचं कलम) खाली भरता का? तसं असेल तर उलाढालीवर ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६) नफा धरला की सगळा खर्च आणि घसारा (मालमत्तेच्या किमतीतून दरवर्षी मिळणारी वजावट) त्यातच आला. ६५,००० वेगळे मागताच येत नाहीत, वाद मिटला.

वह्या ठेवत असाल तर दरवर्षीची हजार-बाराशेची नोंदणी किंवा रिन्युअल सरळ खर्चात, कलम ३७. तीन वर्षांचं एकदम भरलं असेल तर पुढच्या दोन वर्षांचं प्रीपेडमध्ये, म्हणजे आगाऊ खर्चात ठेवा. एवढ्याशा रकमेला कोणी विचारत नाही, पण वही स्वच्छ राहते. जुन्या मालकाला दिलेले ६५,००० मात्र माझ्या मते मालमत्ताच. अमूर्त (हाताला न लागणारी) मालमत्ता, घसारा २५ टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मा. म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात उलटल्यावर वापरात आणलं असेल तर यंदा ८,१२५ एवढेच मिळणार. 'वापरात' यावर लक्ष द्या. नुसतं घेऊन ठेवलेलं, साईट न उघडणारं नाव वापरात आहे हे पटवणं अवघड. निदान चालू साईटकडे वळवून ठेवा.

कायद्यात घसाऱ्याच्या कलमात 'डोमेन' हा शब्द नाही. ट्रेडमार्क, लायसन आणि 'तशाच स्वरूपाचे व्यावसायिक हक्क' असं लिहिलंय, त्यामुळे अधिकारी हुज्जत घालू शकतो. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मान्य केलंय, ते हाताशी ठेवा. आणि वहीत 'गुडविल' (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) असं शीर्षक कुणालाही लिहू देऊ नका. २०२१ च्या वित्त कायद्यानंतर गुडविलवर घसारा मिळत नाही. एका चुकीच्या शब्दापायी ६५,००० नुसते पडून राहतील.

आता आमची गोष्ट. नोव्हेंबर २०१९. मी आणि चुलतभाऊ, भागीदारी फर्म. हवं ते नाव एका गृहस्थाकडे होतं, १,८०,००० ला ठरलं. रात्री अकरा वाजता तो म्हणाला, आत्ता देता का, नाहीतर उद्या दुसरा येतोय. फर्मच्या खात्याला दोन सह्या लागायच्या, म्हणून मी माझ्या खात्यातून दिले, डोमेन माझ्या जीमेलवर, माझ्या नावाने घेतलं. आठवड्याने फर्मकडून पैसे परत घेतले. व्हाउचरवर माझ्याच अक्षरात दोन शब्द: "वेबसाईट खर्च".

आमचं काम बघणाऱ्या कन्सल्टंटच्या ऑफिसात ते व्हाउचर घेऊन गेलो. तिथल्या माणसाने रकमेवर बोट ठेवलं, म्हणाला, "डोमेन-बिमेन किरकोळ आहे हो, ऑफिस खर्चात टाकतो." एक लाख ऐंशी हजार किरकोळ! मी चहा पिऊन घरी आलो.

पुढे केस आयकर खात्याच्या स्क्रुटिनीला, म्हणजे तपासणीला लागली. सगळं फेसलेस, समोरासमोर न भेटता आयकर पोर्टलवरच. प्रश्न आला: मालमत्ता फर्मच्या मालकीची असल्याचा पुरावा द्या. नोंदणी काढली तर मालक मी, पावती माझ्या नावे, ईमेल माझा. भागीदारी फर्मचा पॅन वेगळा, माझा वेगळा. आयकरासाठी आम्ही दोन स्वतंत्र असामी. निकाल: खर्च म्हणून नामंजूर, कारण भांडवली आहे, घसाराही नामंजूर, कारण फर्म मालक नाही. नाव बरोबर असतं तर त्या वर्षी निदान २२,५०० घसारा म्हणून सुटले असते. एकूण १,८०,००० वर ३१.२ टक्के, म्हणजे ५६,१६०. व्याज वेगळं.

अपील करता आलं असतं. मुदत ३० दिवस. पण ऑर्डर गेली कुठे? पोर्टलवर आमचा म्हणून जो ईमेल नोंदवला होता, तो त्याच ऑफिसचा! शेकडो अशिलांचा एकच ईमेल. आम्हाला कळलं तेव्हा दुसरा महिना चालू होता. विचारायला गेलो तर म्हणे, "व्हाउचरवर वेबसाईट तुम्हीच लिहिलंत ना?" लिहिलं होतं मी, खरं आहे. त्या दिवसापासून पोर्टलचा पासवर्ड, ईमेल आणि मोबाईल माझा. तुम्ही आजच बघून घ्या.

तुमची प्रोप्रायटरशिप (एकाच मालकाचा धंदा) असेल तर काम सोपं आहे, कारण पॅन तुमचाच. डोमेन तुमच्या नावावर आलं म्हणजे धंद्याच्या नावावर आलं. मिस्टरांचे पैसे धंद्याच्या खात्यातून त्यांना बँकेनेच परत करा, शेऱ्यात डोमेनचं नाव लिहा. रोख नको, मालमत्तेसाठी एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख दिली तर ती किमतीत धरत नाहीत. 'त्यांनी भेट दिली' असंही म्हणू नका, नवरा-बायकोत उत्पन्न जोडण्याची भानगड निघते. जुन्या मालकाकडून साध्या कागदावर का होईना, सही घ्या: डोमेनचं नाव, रक्कम, तारीख, त्याचा पॅन, आणि सगळे हक्क तुम्हाला दिले हे वाक्य. तो परदेशात असेल तर टीडीएसचं (पैसे देतानाच कापायच्या कराचं) सीएंना विचारा. कापायचा असून कापला नाही तर तो कर व्याजासकट तुमच्याच गळ्यात पडू शकतो. हे विक्रीच्या रकमेबद्दल. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या) नोंदणी फीला घाबरू नका, गोडॅडी या रजिस्ट्रारच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती रॉयल्टी (जिच्यावर टीडीएस कापावा लागतो) नाही असं म्हटलंय.

जीएसटी नोंदणी असेल तर रजिस्ट्रारच्या अकाउंटमध्ये जीएसटी नंबर टाका. आमचा वर्षभर टाकलेलाच नव्हता, त्या बिलांवरचे १८ टक्के गेले ते गेले. कंपनी परदेशी असेल तर नंबर दिल्यावर ती कर लावत नाही, मग रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) तो तुम्ही आधीचं क्रेडिट न वापरता पैशातच भरायचा आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, घ्यायचं. कंपोझिशनमध्ये (जीएसटीच्या छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) असाल तर क्रेडिट विसरा.

त्या मुलाशी भांडू नका, बहुतेकांना हे माहीतच नसतं. पण अकाउंट घेताना लॉगिनचा ओटीपी कुठल्या मोबाईलवर जातो ते त्याच्यासमोर बसून बदलून घ्या. आमचा चुलतभावाच्या जुन्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर त्याने कधीच बंद केला होता.