वर्गात एचआयव्हीसह जगणारं मूल असेल तेव्हा

पालकांनी विश्वासानं सांगितलं असेल, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. स्टाफरूममध्ये 'जरा लक्ष ठेवा हं' एवढं बोललात तरी गावभर होतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार शाळेत भेदभाव करता येत नाही आणि संमतीशिवाय ही माहिती फोडताही येत नाही.

गडबड बहुतेकदा दयेतून होते. वेगळा बाक, पाण्याचा वेगळा ग्लास, खो-खोतून सूट. मुलं चोवीस तासांत ओळखतात. डबा वाटून खाल्ल्यानं, घामानं, खोकल्यानं किंवा डास चावल्यानं एचआयव्ही पसरत नाही.

गुडघा फुटला तर? हातमोजे घाला, जखम साबण-पाण्यानं धुवा, पट्टी बांधा. फरशीवरचं रक्त टिपून ब्लीचच्या पाण्यानं पुसा. हे प्रत्येक मुलासाठी, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. प्रथमोपचार पेटीत हातमोजे आहेत का, आजच बघा, बहुधा नसतात.

एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीवरची औषधं मिळतात ते केंद्र) तारखेला मूल गैरहजर राहील. हजेरीत नुसतं 'रजा' लिहा, वर्गात कारण विचारू नका. सहलीला गोळीची वेळ चुकणार नाही, हे पालकांशी आधीच ठरवा.