कंट्रोलर हाताला बसत नाही? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. घरी पीएस-५ (प्लेस्टेशन ५) हे गेम खेळायचं यंत्र आहे. त्याची बोटं कंट्रोलरच्या वरच्या कडेच्या आर-२, एल-२ या ट्रिगर बटणांवर नीट पोचत नाहीत. पाच-दहा मिनिटांत तो कंट्रोलर मांडीवर टेकवून खेळायला लागतो. लहान आकाराचा कंट्रोलर घ्यावा का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : विकत घेण्याआधी एक तपासणी करा. टीव्ही बंद ठेवा, मुलाला नेहमीसारखा कंट्रोलर धरू द्या आणि समोर बसून त्याचे हात बघा. तर्जनीचं पहिलं पेर आर-२ वर पूर्ण टेकतं का? अंगठा उजव्या स्टिकच्या (अंगठ्याने कलवायच्या दांडीच्या) पलीकडच्या कडेपर्यंत जातो का? आणि हे करताना करंगळी व अनामिका कंट्रोलरच्या मुठीवरून सुटतात का? सगळ्यात महत्त्वाची खूण ही तिसरी. ही दोन बोटं सुटली की कंट्रोलरचा सगळा भार अंगठे आणि तर्जन्यांवर येतो. मग हात दमतो आणि कंट्रोलर आपोआप मांडीवर जातो. एकूण लांबी-रुंदी पाहून कंट्रोलर मोठा की लहान हे ठरत नाही. मूठ न सोडता बोट कुठवर पोचतं, त्यावर ते ठरतं.

पीएस-५ च्या ड्युअलसेन्स या कंट्रोलरचं वजन सुमारे २८० ग्रॅम आहे. आधीच्या पीएस-४ चा ड्युअलशॉक ४ साधारण २१० ग्रॅमचा होता. म्हणजे मुलाच्या हातात जवळजवळ एक तृतीयांश वजन जास्त आहे. शिवाय दोन्ही स्टिक खाली आणि मधोमध असल्यामुळे छोट्या अंगठ्याला आतल्या बाजूला ताणून जावं लागतं.

पीएस-४ साठी मिळणारे छोटे ‘मिनी’ कंट्रोलर बघून पुष्कळ पालक फसतात. ते पीएस-५ ला जोडले जातात, पण त्यावर पीएस-५ चे गेम खेळता येत नाहीत, फक्त पीएस-४ चे जुने गेम चालतात. खरेदीआधी मुलगा नक्की कुठले गेम खेळतो ते बघा.

पैसे न खर्चता करण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसरीज, त्यात कंट्रोलर्स, आणि तिथे ट्रिगर इफेक्टची तीव्रता ‘ऑफ’ करा. काही गेममध्ये हा इफेक्ट ट्रिगरला मुद्दाम जड करतो, आणि आठ वर्षांच्या बोटाला तो जडपणा नकोच. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये कंट्रोलर्सखाली कस्टम बटण असाइनमेंट आहे. तिथे आर-१ (आर-२ च्या लगेच वरचं बटण) आणि आर-२ ची अदलाबदल करा, म्हणजे रोजचं काम जवळच्या बटणावर येईल. यात दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगून ठेवतो. पडद्यावरच्या सूचना जुनंच बटण दाखवत राहतात, त्यामुळे पहिले दोन दिवस मुलाचा गोंधळ उडतो. दुसरी अडचण गाड्यांच्या गेममध्ये येते. आर-२ जितका दाबाल तितका वेग देतो, तर आर-१ ला फक्त चालू किंवा बंद एवढंच कळतं. अदलाबदलीनंतर गाडी एकतर पूर्ण वेगात, नाहीतर थांबलेली. असे गेम खेळताना अदलाबदल काढून टाका.

अवघड जागी मदत करायची असेल तर पीएस-५ वर दुसरा कंट्रोलर ‘असिस्ट’ म्हणून जोडता येतो. दोघांचे कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात, मुलाच्या हातातून कंट्रोलर ओढून घ्यावा लागत नाही. आणि मांडीवर एक घट्ट उशी द्या. कोपरं तिच्यावर टेकली की वजनाची तक्रार बरीच कमी होते.

घरात कॉम्प्युटरवरही खेळ चालत असेल, तर तिथे २०२० मध्ये आलेला एक्सबॉक्सचा कंट्रोलर जोडून बघा. आठ वर्षांच्या मुलांचे सरासरी हात डोळ्यांसमोर ठेवून मायक्रोसॉफ्टने त्याचे बंपर (ट्रिगरच्या वरची बटणं) गोल केले, ट्रिगर किंचित लहान केले आणि मुठी कोरून काढल्या. डावी स्टिक वर असल्यामुळे अंगठा सहज जिथे पडतो तिथेच ती असते. लहान हातांसाठी ही मांडणी आम्हाला जास्त पटते.

प्रश्न : पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर इतका अवाढव्य का होता?
— एक वाचक, सातारा

उत्तर : २००१ च्या त्या कंट्रोलरला लोकांनी ‘ड्यूक’ नाव पाडलं. आतलं सर्किट बोर्ड मोठं होतं आणि आवरण त्याच्याभोवती बसवावं लागलं. मेमरी कार्डासाठी दोन खाचाही कंट्रोलरमध्येच होत्या. २००२ मध्ये जपानमध्ये एक्सबॉक्स आला तेव्हा सोबत ‘कंट्रोलर एस’ हा आटोपशीर कंट्रोलर दिला गेला, आणि त्याच वर्षी तोच सगळीकडे रूढ झाला. त्या दोन खाचा छोट्या कंट्रोलरमध्येही होत्या, म्हणजे खरा प्रश्न आतल्या मांडणीचा होता. मोठ्या हातांच्या लोकांना मात्र ड्यूक मनापासून आवडायचा. हायपरकिन या कंपनीने २०१८ मध्ये तो परत आणला.

प्रश्न : फुटबॉलचा गेम रोज दोन-तीन तास खेळतो. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखतं. स्टिकवर बसवायच्या उंच टोप्या मिळतात, त्यांनी फायदा होईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या तक्रारीवर टोपी घेऊ नका, ती उलट त्रास वाढवेल. स्टिक म्हणजे एक तरफ आहे. समजा, खालच्या खुंटीपासून वरच्या टोकापर्यंत ती १५ मिलिमीटर आहे. वर ५ मिलिमीटरची टोपी बसवली, तर तेवढ्याच कलासाठी अंगठ्याला एक तृतीयांश जास्त अंतर कापावं लागतं. नेम धरायच्या गेममध्ये उजव्या स्टिकला यामुळे बारकावा मिळतो, त्यासाठीच त्या टोप्या असतात. फुटबॉलमध्ये डावा अंगठा सतत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावतो, तिथे ही जास्तीची मजल दुखण्यात भर घालते.

तुम्ही या तीन गोष्टी बघा. गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन (स्टिक थोडी हलली तरी गेम दखल घेत नाही तो मधला भाग) असेल तर तो हळूहळू कमी करा. स्टिकला हात न लावता खेळाडू आपोआप सरकू लागला की एक घर मागे या. झिजलेल्या स्टिकला डेडझोन जास्त लागतो, म्हणून जुन्या कंट्रोलरवर अंगठा जास्त राबतो, हे कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, स्टिक आत दाबून करायची कामं दुसऱ्या बटणावर न्या. अंगठा बाजूला ताणलेला असताना खाली दाबणं, हाच सगळ्यात वाईट भार. तिसरं, गोल करायच्या क्षणी आपण कंट्रोलर किती आवळतो ते बघा. स्टिक पूर्ण कलली की त्यापुढच्या जोराचा काहीच उपयोग नसतो, आणि बहुतेक खेळाडू तो जोर लावतच राहतात.

मागे जादा बटणं असलेले महाग कंट्रोलर अंगठ्याचं काम वाटून घेतात, पण ते जड असतात. एक्सबॉक्स एलिट सिरीज २ सुमारे ३४५ ग्रॅमचा, ड्युअलसेन्स एज सुमारे ३२५ ग्रॅमचा. मनगट दुखत असताना हा सौदा विचार करूनच करावा. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर वापरत असाल तर पेन्सिल सेल काढून यूएसबी केबल लावा. सेलशिवाय तो व्यवस्थित चालतो आणि ४५ ग्रॅमच्या आसपास वजन उतरतं.

अर्ध्या तासाने पाच मिनिटं हात मोकळे सोडा. सूज असेल, अंगठा हलवताना करकर जाणवत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा आठवडाभर खेळ बंद ठेवूनही दुखणं जात नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा. अंगठ्याच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणाला सूज येण्याचा विकार नेमका याच जागी होतो, आणि लवकर दाखवला तर बहुधा साध्या उपायांनी आटोक्यात येतो.

प्रश्न : आमच्याकडे दमट हवा. तळहाताला घाम येऊन कंट्रोलर निसटतो. बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप गुंडाळली, पण ती दोन दिवसांत खाली घसरली.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : रॅकेटची मूठ वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्याच जाडीची असते. कंट्रोलरची मूठ टोकाकडे निमुळती होत जाते. ताणून गुंडाळलेली पट्टी नेहमी बारीक बाजूकडे सरकते, म्हणून ती घसरली. शिवाय त्या पट्टीला फक्त सुरुवातीच्या तुकड्यापुरता चिकटा असतो.

त्याऐवजी पूर्ण चिकट पाठ असलेली, खरखरीत पृष्ठभागाची आणि तुमच्याच मॉडेलच्या मापाने कापलेली ग्रिप घ्या. आधी कंट्रोलर बंद करून मुठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. कापड ओलसर हवं, निथळणारं नको. दहा मिनिटं वाळू द्या. हाताचा तेलकटपणा राहिला की कडा उचकटणारच. मग मधून कडेकडे दाबत चिकटवा, वळणावर हेअर ड्रायरची कोमट हवा द्या आणि तिथे अर्धा मिनिट बोट दाबून धरा. रात्रभर ठेवून मग खेळा. जोडाची रेघ, माइकची भोकं आणि ट्रिगरची खाच मोकळी राहू द्या.

सिलिकॉनचं कव्हर आम्ही सुचवणार नाही. त्याखाली घाम साठतो, काही आठवड्यांत ते सैल पडून मुठीवर फिरायला लागतं, आणि लहान हातांना ती जास्तीची जाडी त्रासाची ठरते.

काही जुन्या कंट्रोलरचं रबरासारखं आवरणच चिकट होतं. तिथे घामाचा दोष नसतो, तो लेपच विरघळत असतो. अल्कोहोलने घासून तो पूर्ण काढता येतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मात्र लावू नका, खालचं प्लास्टिक खराब होईल.

प्रश्न : निन्टेंडो स्विच या गेम यंत्राचा एकेक जॉय-कॉन (सुटा होणारा छोटा कंट्रोलर) आडवा धरून आम्ही दोघं खेळतो. माझा पंजा मोठा आहे, हात आखडतात.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : जॉय-कॉन जेमतेम १०२ मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे दोन मोठे पंजे त्यावर एकमेकांना भिडतात. तुम्ही डावा जॉय-कॉन घ्या. आडवा धरल्यावर त्याची स्टिक टोकाला येते आणि डाव्या अंगठ्याला मोकळी जागा मिळते. उजव्याची स्टिक मध्ये येते, म्हणून तिथे अंगठा दुमडावा लागतो.

सोबत आलेल्या मनगटाच्या पट्ट्या जरूर लावा. त्यांनी वरची एसएल, एसआर ही इवलीशी बटणं मोठी होतात आणि धरायला थोडी उंचीही मिळते. पट्टीवर आणि जॉय-कॉनवर अधिक-उणे अशी चिन्हं आहेत. अधिकाला अधिक, उण्याला उणे जुळवूनच पट्टी सरकवा, कारण उलटी घातली तर ती अडकून बसते आणि निघता निघत नाही.