यंदा वही मिटलीस तरी चालेल

अगं, कथा अर्धवट राहिली म्हणून एवढी खंत करू नकोस. लेकीची दहावी आणि सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन एकदमच आलंय. अशात रोज हजार शब्दांचा हट्ट धरलास तर ना कथा धड होईल, ना घर. दिवाळी अंकाच्या संपादकांना आजच फोन कर, 'यंदा जमणार नाही' म्हणून मोकळेपणी सांग. आत्ता सांगितलंस तर ते दुसरी कथा बघतील. ऐन गणपतीत कळवलंस तर त्यांची पंचाईत होते. १९०९ पासून दिवाळी अंक निघताहेत, पुढच्या वर्षीही निघतील.

धाकट्याच्या वेळी मी चौदा महिने कथेला हात लावला नव्हता. फ्रिजवर दुधाच्या हिशेबाची वही असायची, तिच्या मागच्या पानावर एखादी ओळ टिपायची, बस. 'आई हल्ली पोळीचे तुकडे मोजून ताटात ठेवते.' पुढे त्या एका ओळीतून माझी सगळ्यात लाडकी कथा झाली.

वही मिटण्याआधी एक मात्र नक्की कर. पुढच्या प्रसंगात दारात कोण उभं आहे आणि कशासाठी, एवढं लिहून ठेव. मी ठेवलं नव्हतं. परतले तेव्हा माझीच नायिका मला ओळखू येईना.